अळणी श्रावण

दुपारी जेवणानंतर डाव्या कुशीवर पडले, की मी सासरची वंशावळ म्हणते. मला झोप तशीच लागते. दाजीशास्त्री. त्यांचे पुत्र विनायकराव. त्यांचे पुत्र दत्तोपंत. या तीन पिढ्यांत कोणाच्या मनाचा तोल ढळला नाही, असे मी घरात आलेल्या प्रत्येक सुनेला ऐकवले आहे. चौथ्या नावाशी जीभ अडखळते. केशव, माझे धाकटे दीर. त्यांना जाऊन एक्केचाळीस वर्षे झाली.

दारात नात, ऋजुता, उभी आहे.

"आजी, पाच वाजता डॉक्टरांकडे जायचंय. मनाच्या चढउतारांवर ते आता लिथियम सुरू करू म्हणतात."

"ते जुनाट औषध या घरात येणार नाही. त्यानेच केशवभावजींचा बळी घेतला."

"नव्या गोळ्यांनी मी चौदा किलो वाढले. दिवसभर झोपते, आणि तरी मार्चमध्ये तीन रात्री जागून घरातली भांडी वाटून टाकली. आता काय वाटू, तुझा पलंग?"

"आणखी नवे काही असेल, ते विचार."

पापण्या मिटतात. ऋजुताच्या जागी पाट आहे आणि पाटावर केशवभावजी. स्वयंपाकघराच्या भिंतींना रुग्णालयाचा हिरवा रंग आहे.

"वहिनी, पानात मीठ नाही."

"श्रावण आहे. महिनाभर अळणी जेवलात, की ग्रह शांत होतील."

"ग्रह होतील हो. माझे हात बघा."

बोटे थरथरत आहेत. भात पानाबाहेर सांडतो. पाट म्हणजे आता रक्ततपासणीच्या खोलीतला बाक आहे. मी वाढपाचे भांडे घेऊन त्यांच्या शेजारी बसले आहे.

"त्या जुन्या गोळीवर सहा वर्षं शाळेत गणित शिकवलं मी. जुनं ते सगळं टाकाऊ असेल, तर वहिनी, तुमचं काय?"

मी हसत नाही.

"मीठ तोडलं की ते औषध अंगात साठत जातं. तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"नव्हते."

"त्याचा राग मी केव्हाच सोडून दिला. पण डॉक्टरांनी विचारलं होतं, खाण्यात काही बदल केलात का. तुम्ही काय सांगितलंत?"

मी पदर सावरते. दिरांपुढे मी कधी मान खाली घातलेली नाही.

"नाही, असे सांगितले."

"त्या प्रश्नाचं खरं उत्तर अजून यायचंय." ते माझे मनगट धरतात. थरथरत्या हाताला एवढा जोर कोठून येतो, कळत नाही. "तिच्यासाठी तरी द्या."

जाग येते. मनगटावर चार बोटांचे लाल वळ आहेत.

बाहेर ऋजुता चपला घालते आहे.

"थांब. भावजी औषधामुळे गेले नाहीत. ते औषध चालू असताना मी त्यांना महिनाभर अळणी जेवू घातले, आणि डॉक्टरांपासून ते लपवले."

ती एक चप्पल हातात धरून उभी राहते.

"आणि मला दोन वर्षं नको नको म्हणत राहिलीस."

"होय. मी बरोबर येते."

डॉक्टरांपुढे मी सगळे सांगते. एकही दिवस गाळत नाही, स्वतःचे नाव टाळत नाही. ते मूत्रपिंडाच्या आणि थायरॉइडच्या तपासण्या लिहून देतात, नेहमीसारखे मीठ आणि भरपूर पाणी घ्यायला सांगतात, आणि लिथियम लिहितात. एक्केचाळीस वर्षे थकीत राहिलेले उत्तर पुरते देऊन झाले.

जिना उतरताना ऋजुता माझा हात धरत नाही. मीही तो मागत नाही.