लोकरीच्या टोकाचे बाण

हे लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा ट्रंकेबरोबर पोत्यात गुंडाळलेली एक लांबलचक वस्तू होती. मला वाटलं, माझ्यासाठी काहीतरी आणलं असेल. सोडून बघितलं तर बांबूचं धनुष्य. ईशान्येकडच्या डोंगरात पोस्टिंग असताना तिथल्या एका म्हाताऱ्यानं ते करायला आणि चालवायला ह्यांना शिकवलं होतं.

आमचं गाव माणदेशातलं. गावामागं नुसतं माळरान, कुसळाचं गवत, मधेमधे तरवडाची झुडपं. त्या माळावर चिंकारा हरणं आहेत. हे रोज पहाटे चहाही न घेता धनुष्य खांद्याला लावून तिकडं निघायचे. सगळी नोकरी ह्यांची लांब, माझा संसार इथं. आता कुठं घरी आलेला माणूस पुन्हा बाहेर चालला, म्हणून मला राग यायचा. भीतीही वाटायची. एक दिवस मी दारातच आडवी आले.

"आवं, हरणाची शिकार गुन्हा हाय. माहीत न्हाई व्हय तुमाला?"

"मारतोय कोण?" म्हणत त्यांनी बाण माझ्या हातात दिला. टोकाला लोखंड नव्हतंच. मेंढीच्या लोकरीचा गोळा, वर चिंधी, घट्ट दोऱ्यानं आवळलेली.

"मग जाताय कशाला?"

"जवळ जायला. हातात धनुष्य असलं की पाय आपसूक हळू पडतो. दोरी ओढून नेम धरायचा, आन् सोडायची न्हाई. एवढीच माझी शिकार."

मला काही पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मीही बरोबर निघाले.

पहिल्यांदा माझ्यामुळंच सगळं बिघडलं. आधी बांगड्या वाजल्या, मग कुसळं टोचली म्हणून मी ओरडले, आणि हरणं पार टेकडीपलीकडं गेली. हे रागावतील असं वाटलं, पण ते खाली बसून माझ्या साडीतली कुसळं काढायला लागले. त्यानंतर मी बांगड्यांना रुमाल बांधून जाऊ लागले. वारा तोंडावर घ्यायचा, हरणानं मान खाली घातली की पुढं सरकायचं आणि शेपूट हलली की थांबायचं, हे मला त्या फिरण्यात कळलं. नवराबायकोनं शेजारी शेजारी इतका वेळ गप्प राहायचं आणि तरी बरं वाटायचं, हेही.

शाळू पोटरीत आला होता, कणसं अजून बाहेर पडायची होती, तेव्हाची गोष्ट. एक मादी तरवडाशी चरत होती. आम्ही रांगत इतके जवळ गेलो की तिच्या डोळ्यापासून नाकाकडं उतरलेली काळी रेघ मला दिसत होती. ह्यांनी दोरी ओढली आणि तसेच थांबले. तेवढ्यात तिनं डोकं वर करून पुढचा पाय जमिनीवर आपटला. मला वाटलं, आम्हीच दिसलो. पण ती बघत होती आमच्या मागं. ओढ्यातून मोकाट कुत्री वर येत होती.

मादी उडाली, ती सरळ कुत्र्यांच्या समोरून आडवी. तिच्या मागं कुत्री पळाली. एकच तांबडं कुत्रं मागं राहिलं आणि नाक जमिनीला लावून तरवडाकडं यायला लागलं. तिथं काय आहे म्हणून मी बघितलं, तर गवतात मुटकुळं करून पाडस पडलेलं, कान पाठीला चिकटवून. माझ्या हातभर अंतरावर. इतका वेळ ते तिथंच होतं आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

"आवं, पिल्लू हाय!" मी ओरडलेच.

ह्यांची दोरी ओढलेलीच होती. फक्त अंग वळलं. बाण कुत्र्याच्या बरगडीवर असा बसला, की ते केकाटत ओढ्यात उतरलं. दुसरा बाण लावून हे उभे राहिले, पण ते परत आलं नाही.

पाडस हललंसुद्धा नाही. पोट तेवढं भराभर वरखाली होत होतं. मी हात पुढं केला.

"शिवू नगंस," हे हळूच म्हणाले. "आपला वास लागंल. चल मागं."

आम्ही लांबच्या बांधाआड जाऊन पडून राहिलो. ऊन वर आलं. मादी कुत्र्यांच्या तावडीत सापडली असेल, असं माझ्या मनात यायला लागलं. तसं बोलूनही दाखवलं. ह्यांनी माझा हात धरून ठेवला.

ती आली. एका बाजूनं चिखलानं भरलेली, पुन्हापुन्हा थांबून मागं बघत. तरवडाशी येऊन तिनं बारीक आवाज काढला आणि गवतातून पाडस उठलं. उठलं ते थेट तिच्या पोटाखाली घुसून ढुशा देत प्यायलाच लागलं. मी पदरानं डोळे पुसत होते. शेजारी बघितलं, तर सुभेदारांचेही गाल ओले.

"नेम बघितलास का माझा?" ते म्हणाले.

"बघितला की. लय भारी."

"खरं सांगू? सोडायची सवयच न्हाई राहिली. मला वाटलं, चुकतोय आता."

हसू आवरताना माझ्या तोंडून आवाज निघाला. मादीनं कान टवकारले, पण ती हलली नाही. पाडसाचं पिणं होईपर्यंत आम्ही तसेच पडून राहिलो.