रडलं होतं का?

लुत्फा आपाला आमच्या मेघनेकाठच्या गावांत सगळे ‘रडकी आपा’ म्हणत. तिला स्वतःला रडताना कोणी कधी पाहिलं नव्हतं. नाव पडलं ते तिच्या प्रश्नामुळे.

काळी छत्री, तोंडात पान, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत जाडजूड वही आणि गूळ-मिठाच्या पुड्या. रोज वीस-पंचवीस घरं पायी, पाणी चढलं की होडीतून. कोण जन्मलं, कोण गेलं, कोणाला जुलाब लागलेत ते लिहायचं आणि जुलाबवाल्याला गूळ-मिठाचं पाणी पाजायचं, हे आमच्या आरोग्य केंद्रानं तिला दिलेलं काम. पण एखाद्या घरी तान्हं गेल्याचं कळलं की ही बया पायरीवर बसून आधी विचारायची, “रडलं होतं का?” बायका भडकायच्या. एकीनं तर खराटा उगारला होता. आपा पान चघळत तशीच बसून राहिली, आणि तासाभरानं त्याच बाईनं तिला चुरमुरे-गूळ खायला दिले. हे असं तिलाच जमायचं.

क्षणभर जरी रडलं, तरी मूल जिवंत जन्मलं आणि मग मेलं. नाहीच रडलं, तर ते मेलेलंच जन्मलं. आमच्या आकडेमोडीत या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक. घरच्यांना मात्र दुसरं बरं वाटे. रडलेल्याला नाव ठेवायचं, आंघोळ घालायची, जनाजा करायचा. मेलेलं आलं म्हटलं की सगळंच उरकलं. आईलाही दुःख कमी होतं, असा सगळ्यांचा समज. काय समज एकेक!

ती आकडेमोड करणारी मीच. हासना बेगम, आठवी पास, हँडल फिरवून गुणाकार-भागाकार करणाऱ्या यंत्राची मालकीण असल्यासारखी मिरवायचे. माझं सासर आपाच्याच भागात. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी चैत्रात माझंही एक गेलं. मला शुद्ध आली तेव्हा सासू म्हणाली, मेलेलंच आलं, पोरी. दोन महिन्यांनी मी कामावर परतले. त्या विषयाला कुलूप घातलं.

वर्ष संपल्यावर मी आपासारख्या घरोघर फिरणाऱ्या प्रत्येकीच्या भागाचा बालमृत्यूचा दर काढला. माझ्याकडे यायचे ते नुसते आकडे, नावं नाहीत. आपाच्या भागात शंभर जिवंत जन्म, त्यातली बारा वर्षाच्या आत गेलेली. म्हणजे हजारी एकशेवीस. शेजारच्या भागातल्या सालेहाकडे शहाण्णव जन्म, गेलेली आठ. हजारी त्र्याऐंशी. केंद्राचे प्रमुख मोतालेब साहेब, त्यांनी कागद पाहिला आणि ठरवून टाकलं, की लुत्फा काम करत नाही, पोरं मरू देते. तिला काढायचं पत्रही मलाच लिहायला लावलं. मी मुकाट्यानं लिहिलं. आजही आठवलं की स्वतःचाच राग येतो.

आपाला नवरा नव्हता, घरी आंधळी आई होती. पत्र वाचून ती कोणावर ओरडली नाही, माझ्यासमोर येऊन बसली.

“हासना, सालेहाकडे मेलेली किती जन्मली?”

“सहा.”

“आणि माझ्याकडे?”

“दोन.”

“मग कर बेरीज. तुझं यंत्रही नको.”

बारा आणि दोन चौदा. आठ आणि सहा चौदा. एकूण जन्म दोघींकडे एकशेदोन. सालेहा बिचारी घरचे सांगतील ते लिहून पुढे जायची. आपा दाईला गाठायची, पुन्हा विचारायची. पोरं दोन्हीकडे सारखीच जात होती. फक्त एकीकडे ती जगून मग मेली, असं लिहिलं होतं.

मी कागद घेऊन साहेबांकडे गेले. ते वाईट नव्हते, पण हट्टी. म्हणाले, ही बाराच्या बारा जिवंत जन्मली होती कशावरून? वही आण, सगळ्यांसमोर वाच.

आपानं वही छातीशी धरली. “मी वाचते, साहेब. हासना नको.”

“लिहिणारीनंच कसं वाचायचं? हासना वाचेल.”

“मग राहू द्या. पत्र खरं समजा, मी जाते.”

मला चीडच आली. अगं बाई, नोकरी वाचत असताना हा कसला ताठा! मी तिच्या हातातून वही ओढून घेतली आणि वाचायला लागले. पहिलं, मुलगा, नऊ दिवस, धनुर्वात. दुसरं, मुलगी, चार महिने, जुलाब. तिसरं, चौथं. पाचव्या ओळीवर घराचा क्रमांक होता. तो आमच्या दारावर रंगवलेला होता.

चैत्र. मुलगी. रडली. पाऊण तास. सांगणारी दाई.

एकशेवीस काढताना मी ज्या बारांसाठी हँडल फिरवलं, त्यांत एक माझी होती. मी तीही ओळ मोठ्यानं वाचली. मग सहावी, सातवी, थेट बारावीपर्यंत. साहेबांनी पत्र फाडलं आणि पुढल्या महिन्यापासून सगळ्याजणींना तोच प्रश्न विचारायला लावला. सगळ्याच भागांचे दर वाढले.

या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. यंत्र मोडीत गेलं, आपा मातीत गेली, आणि आता पोरी हातातल्या फोनवर नोंदी करतात. बरं काम करतात, उगाच नावं कशाला ठेवू. पण पायरीवर तासभर बसायला कोणाला वेळ नसतो, आणि ती काळी छत्री मला अजून वाटेवर दिसेलसं वाटतं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी घाटापर्यंत चालत गेलो. शेवटी मीच विचारलं, “आपा, आवाज कसा होता तिचा?”

ती थांबली. पान थुंकलं, पदरानं तोंड पुसलं.

“दाई सांगत होती, चांगला मोठा होता. इथं घाटावर भांडी घासणाऱ्या बायांनी ऐकला.”