वरातीच्या चालीचा कार्बोरेटर

बाबांकडे एक जुनी छोटी चारचाकी आहे, गोल दिव्यांची, दुधी रंगाची. ओळखीपाळखीत कुणाचं लग्न असलं की नवरदेवाला मिरवायला ती जाते, आणि चालवायला बाबाच बसतात. मागच्या लग्नसराईत ती भर वरातीत बंद पडली. फेटा बांधलेल्या नवरदेवाला खाली उतरून धक्का मारावा लागला. त्याचा व्हिडिओ फिरत फिरत बाभुळगावच्या माझ्या आत्यापर्यंत पोचला.

आत्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. एकुलत्या एका भाच्याची वरात आपल्याच गाडीतून काढायची, हे बाबांनी तो शाळेत होता तेव्हापासून ठरवून ठेवलेलं. आत्या फोनवर एवढंच म्हणाली, "दादा, मले घोडीच पायजे." बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून सांगितलं, कार्बोरेटर गेला. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारा तो भाग. तसाच नवा मिळत नव्हता, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा बसवावा लागणार होता. मिस्त्रींनी कपाटातून फडक्यात गुंडाळलेला एक काढला. मोठ्या गाडीचा, दोन तोंडांचा.

"भाऊ, हा लावला तं गाडी उडते."

बाबांनाही उडायचंच होतं. दुसरा पर्याय भंगारातल्या व्हॅनचा, एका तोंडाचा, आमच्या जुन्यापेक्षा जरासा मोठा. तो टेबलावर चहाच्या कपांशेजारी पडलेला होता. त्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

मी इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून घरातलं सगळं इंग्रजी माझ्याकडे येतं. बाबांनी मला जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या एका परदेशी फोरमवर विचारायला बसवलं. माणसांसमोर मला बोलता येत नाही, टाइप मात्र छान करता येतं. तिथल्या एका वयस्क गृहस्थांनी उलट प्रश्न केला, गाडी बहुतेक वेळा कशी चालवता?

"हायवे लिही," बाबा म्हणाले.

ती गाडी हायवेला लागलेली मी कधी पाहिलेली नाही. मी खरं ते लिहिलं. गाडी माणसाच्या चालीनं जाते, वर फुलं असतात, पुढे वाजंत्री असते, नातेवाईक पायी चालतात, मध्येमध्ये सगळे थांबतात, मग पुन्हा निघतात.

उत्तर लगेच आलं. त्यांनी आधी माझं सांत्वन केलं. मग लिहिलं, की त्यांच्या गावच्या शववाहिकेचंही हेच दुखणं होतं. अशा कामाला लहान तोंडाचाच कार्बोरेटर बरा. तोंड मोठं असलं की मंद चालीत हवा रेंगाळते, पुरेसं पेट्रोल ओढत नाही आणि इंजिन बंद पडतं.

खरं तर मी तिथेच खुलासा करायला हवा होता. पण सल्ला पटण्यासारखा होता, आणि त्यांनी इतक्या मनापासून सांत्वन केल्यावर मला ते अवघड वाटलं.

"काय म्हणते थो?" बाबांनी विचारलं.

"लहान लावा म्हणतात."

"त्याले वरातीचा अनुभव हाय का?"

"मिरवणुकीचा आहे," मी म्हणाले.

मिस्त्रींना हे मुळीच आवडलं नाही. "थो तिकडे बसून कायले सांगून राह्यला? आपन इथंच वरात काढून पाहू ना."

रविवारी एमआयडीसीचे रस्ते रिकामे असतात. मिस्त्रींनी दोन तोंडांचा बसवला, हातगाडीवर स्पीकर ठेवला, नाचायला चार मित्र बोलावले. फुलांशिवाय टेस्ट कच्ची राहते म्हणून बॉनेटवर झेंडूची माळ आली. मागच्या सीटवर नवरदेवाच्या वजनाचं सोयाबीनचं पोतं ठेवलं आणि शेजारी मला बसायला सांगितलं.

"बाबा, मग मी कशाला?"

"पोतं लोळते ना. त्याले धराले कोनी पायजे."

कुणी ओळखू नये म्हणून मी ओढणी पार तोंडावर ओढून घेतली. त्यामुळे काय दिसलं ते मला नंतर कळलं. कोपऱ्यावर शेंगा विकणारी बाई उठून गाडीजवळ आली.

"नवरी हाय, मंग नवरदेव कुठं हाय?"

"आपल्याले नवरदेव नाई लागत," बाबा स्टिअरिंगवरून म्हणाले. "वजन लागते."

संथ गाणं लागताच गाडी दोनदा खोकली, एक गचका दिला आणि बंद पडली. पोतं माझ्या मांडीवर आलं. नाचणाऱ्यांनीच ढकलत परत नेली. हे नाचण्याच्या दोषानं झालं, असं मिस्त्रींचं मत पडलं.

पुढच्या रविवारी व्हॅनचा कार्बोरेटर लागला. आत्या बाभुळगावहून स्वतः बघायला आली. सोयाबीन मधल्या काळात विकलं गेलं होतं, त्यामुळे या वेळी तुरीचं पोतं. मी ओढणी घेऊन बसलेच होते. शेंगावाली खिडकीशी आली, पोतं बघितलं, मला बघितलं.

"काय व, मागच्या इतवारी झालं नाई का तुयं?"

मी नाही अशी मान हलवली.

"अन् थो पयला?"

"विकला," मी म्हणाले. त्या दिवशी मी बाहेरच्या माणसाशी बोललेला हा एकच शब्द. बाईने मला मूठभर शेंगा दिल्या आणि पैसे घेतले नाहीत.

आत्या बॉनेटसमोर पदर खोचून नाचली. हात वर करून थांबवायची, चालवायची, पुन्हा थांबवायची. मग स्पीकर बंद करायला लावून तिने बॉनेटला कान लावला. गाडी आपली एकाच सुरात चालू. "दादा," ती म्हणाली, "घोडीवाल्याले नाई म्हनून सांग. अन् या पोरीले घरी ने. लोकं पाहून राह्यले."

लग्नाच्या दिवशी गाडी मंडपापर्यंत एकदाही बंद पडली नाही. मी इतर मुलींबरोबर पुढे चालत होते. बँडवाले दम घ्यायला थांबले की मागून फक्त इंजिन ऐकू यायचं. बाबांनी भाच्याकडे वळून पाहिलं असेल असं वाटत नाही. ते मान तिरपी करून ऐकत होते.

घरी आल्यावर मी त्या गृहस्थांना कळवलं. तुमचा सल्ला मानला, गाडी शेवटपर्यंत नीट गेली, घरचे सगळे समाधानी आहेत.

त्यांनी लिहिलं, हे वाचून बरं वाटलं, गाडीतून गेले ते जिथे असतील तिथे सुखात असोत.

आत्याचा मुलगा तेव्हा सासरच्यांबरोबर जेवत होता. मी त्या गृहस्थांचे आभार मानले.