देवराईतला चकवा

मुलगा पसंत करायला माणसं येतात तेव्हा मुलानं गप्प बसावं, एवढी साधी अक्कल मला नव्हती. तळेगावहून भावी सासरे लोणावळ्याला आले. चहा घेताना त्यांना झाडांची आवड असल्याचं कळलं, आणि मी बोलून गेलो, "मग आमची देवराई बघायलाच हवी. मला पाठच आहे ती!"

खरं म्हणजे मी तिथं एकदाच गेलो होतो, तेही मी शिकवतो त्या शाळेच्या शिपायाच्या मागोमाग.

राईच्या तोंडाशी वहाणा काढल्या. देवीच्या जागेत पायताण चालत नाही, हे मी ऐटीत सांगितलं. आत जांभळीचे बुंधे असे, की दोघांच्या कवेत मावू नयेत. आभाळ दिसेना. पायवाटा मात्र जिकडे पाहावं तिकडे.

"हा अंजन," मी म्हणालो.

"हिरडा आहे," सासरे म्हणाले.

पुढं अजगरासारखी पिळलेली गारंबीची वेल लागली. थोड्या वेळानं पुन्हा लागली.

"या बाजूला गारंबी फार," मी खुलासा केला.

तिसऱ्यांदा लागली तेव्हा सासरे तिच्यावरच बसले. "मास्तर, हिची आपली आता चांगलीच ओळख झाली."

तेवढ्यात हरवलेली म्हैस शोधत एक म्हातारा आला. आमचा अवतार बघून हसला. "चकवा लागलाय तुमास्नी. कोट उलटं करून घाला. त्याबिगर राई सोडायची न्हाई."

"आबा, मी शास्त्र शिकवतो," मी म्हणालो.

"मग शास्त्रानं बाहेर जावा की!"

सासऱ्यांनी तोवर कोट उलटा केलाही होता. आतून जुन्या लुगड्याचं हिरवं ठिगळ. आता मला सुटका नव्हती. मी कोट उलटवला, आणि कॉलरवर लाल दोऱ्यानं भरलेली दुसऱ्याची आद्याक्षरं वर आली.

"हा कोट कुणाचा?"

"हेडमास्तरांचा."

"आणि राई पाठ आहे ती?"

"एकदाच आलोय."

सासऱ्यांनी तोंड फिरवलं. स्थळ गेलं, हे मी ओळखलं. त्यांच्या मुलीला मी दोनदाच पाहिलं होतं, पण तेवढ्यात ती मनात भरली होती. उलट्या कोटात, अनवाणी, मान खाली घालून उभा राहिलो.

मग हसू ऐकू आलं. सासरे पोट धरून हसत होते. डोळे पुसत ते म्हाताऱ्याला म्हणाले,

"आबा, आधी आमच्या जावईबापूंना बाहेर काढा. माझं मी बघतो."