खुर्चीच्या हातातली माशी

आमची वहिनी बागेत काहीएक करत नाही. वाळलेल्या काड्या तशाच उभ्या, कोपऱ्यात उघडी माती, तण माजलेलं. आणि मधमाश्यांची नुसती रीघ! पोळं बांधणाऱ्या नव्हेत. या इथल्याच, एकेकट्या राहणाऱ्या, पोकळ काडीत नाहीतर मातीच्या भोकात घर करणाऱ्या. दादाच्या आणि माझ्या घरांमध्ये कमरेएवढं कुंपण. मी रोज अंगण झाडते, निवडून फुलझाडं आणते, ताटलीत पाणी ठेवते. माझ्याकडे एक माशी फिरकेल तर शपथ!

माश्यांचं एवढं काय, म्हणाल. अहो, बाबा! आमचे बाबा सुतार. नजर गेल्यापासून माझ्याकडे राहतात. औषधं, पथ्य, अंघोळीचं पाणी, सगळं मी बघते. आणि दुपार झाली की काठी टेकत निघाले सुनेकडे. का, तर तिथे गुणगुण ऐकू येते.

"तुझ्याकडे मशीनची खडखड असते गं," म्हणतात.

मी शिंपीण, मशीन नाही चालवणार तर काय करणार? खिडकीतून बघते, दोघं हसत असतात. जळफळाट होतो माझा, खोटं कशाला बोलू?

त्यात आज काय बघते, माझ्या गुलाबाची पानं कडेनं गोल कापलेली. माझ्या कात्रीलाही इतकं गोल जमत नाही. वहिनी कुंपणावरून म्हणाली, "वन्सं, औषध मारू नका हं. माशीच नेते ती पानं, घराला अस्तर लावायला."

म्हणजे बघा! पान माझं आणि घर हिच्याकडे!

माझं डोकंच फिरलं. बाबांनी स्वतः केलेली खुर्ची माझ्या व्हरांड्यात रिकामी पडलेली असते. तिच्या डाव्या हातावरचा एक स्क्रू कधीचाच पडलाय. ते भोक बुजवायचं राहून गेलं. ती खुर्ची उचलली आणि पलीकडे बाबांपुढे नेऊन आपटली. "बसायचं इथेच ना? मग ही पण राहू दे इथेच!"

 वहिनीनं खुर्ची सावलीत सरकवून बाबांना बसवलं. तेही मला खुपलं.

परत येऊन मशीनवर बसणार, तोच व्हरांड्यात गुणगुण. एक माशी, पायांत हिरव्या पानाचा गोल तुकडा. खुर्चीचा हात जिथे असायचा, नेमकी तिथेच घिरट्या घालत होती. खाली जायची, वर यायची, पुन्हा तिथेच. मला आधी काही कळेचना.

तेवढ्यात पलीकडून बाबांची हाक. "अगं ए! खुर्चीच्या भोकात पान भरलंय. ओलं आहे अजून. तुझ्याकडेच घर करत होती की ही!"

अगं बाई! माझ्याकडे आली होती! माझ्याच व्हरांड्यात संसार मांडला होता तिनं, आणि मीच तो उचलून वहिनीच्या दारात नेऊन ठेवला होता.

चप्पल न घालताच धावले. "उठा बाबा, उठा आधी!" खुर्ची उचलून व्हरांड्यात आणली. फरशीवर तिच्या पायांचे डाग होते, त्यांवर बरोबर टेकवली. माशी जराशी घुटमळली आणि शिरली भोकात.

बाबा मागोमाग आले, बसले. डावा हात मात्र मांडीवर घेतला, तिची वाट मोकळी ठेवून. मी मशीनला हातही लावला नाही.

"येतंय बघ ऐकू," ते म्हणाले. माझे डोळे भरून आले.

मग त्यांनी मान वळवून हाक मारली, "सूनबाई, ये गं, तूही ऐक!"

आली लगेच, हातात चहाचा कप घेऊन. "ये ना वहिनी," मी म्हटलं. बसायला मात्र आतून काही आणलं नाही. उभं राहूनही ऐकू येतं.