मिस्त्री आणि भुशाची पोती

मिस्त्री कुठेही पाऊल टाकायच्या आधी उजव्या पायाचा तळवा जमिनीवर दोनदा घासून पाहायचा. विडी विझवल्यासारखा. बर्फ कारखान्यात ते ठीक होतं, तिथे सगळीकडे ओलंच. पण हा माणूस देवळात, सलूनमध्ये, सासऱ्याच्या मयतीतसुद्धा आधी पाय घासे आणि मग आत जाई. कोणी हसलं की म्हणे, "हसा. बर्फाच्या बापाले ब्रेक नसते."

सलूनमध्ये कुठला आला बर्फ, असं मी एकदा विचारलं. "सवय सुटली का माणूस पडलाच समज," असं म्हणून तो खुर्चीवर बसायला गेला आणि खरंच पडला. खुर्ची फिरती होती. पडल्या पडल्या मला म्हणाला, "पाह्यलं?"

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल, दुसऱ्यांना सांभाळता सांभाळता स्वतः आपटणारा. याचं नाव मी लिहीत नाही. सगळे मिस्त्रीच म्हणायचे. गोंदियाच्या बाहेर, कुडव्याकडे आमचा बर्फ कारखाना होता. आता तिथे लग्नाचा हॉल झाला आहे. मिस्त्री मशीन सांभाळायचा, मी माल चढवायचो. त्याच्या आधी मी सोळा वर्षं राइस मिलमध्ये पोती वाहिली. शाळा चौथीपर्यंत. तरी लिहायला बसलो, कारण माझ्या हाताच्या चुकीनं एका ड्रायव्हरचा जीव गेला आणि मिस्त्रीची नोकरी गेली, आणि मी दहा-अकरा वर्षं तोंड उघडलं नाही. माझ्या बायकोला तेवढं माहीत होतं. ती गेल्या उन्हाळ्यात गेली.

आधी कारखान्याचं सांगतो. पत्र्याच्या डब्यांत पाणी भरून ते डबे मिठाच्या थंडगार पाण्यात बुडवून ठेवायचे. गोठलं की डबा उलटा करून लादी बाहेर काढायची. एक लादी दीड क्विंटलची. ती लोखंडी आकड्यानं ओढत मागच्या उतारावर आणायची. उताराला पत्रा ठोकलेला. तिथून सोडली की लादी सूं करत खाली उभ्या ट्रकपाशी जाई. मासळीवाले, लग्नवाले, रसवंतीवाले, सगळ्यांचा बर्फ याच उतारावरून गेला.

लग्नसराई संपली की सीझन बंद. शेवटच्या दिवशी पाच-सात लाद्या उरत, त्यांना गिऱ्हाईक नसे. मग ट्रक बाजूला घ्यायचा, लादीवर बारदाना टाकायचा, त्यावर माणसानं बसायचं आणि मागून धक्का. दोन लाद्या जोडीनं सोडायच्या, जो आधी खाली पोचेल तो पहिला. पहिल्याला झेंडूचा हार आणि आईमाईवरून शिव्या. खाली कंपाउंडची भिंत होती. तिच्यापुढे मिस्त्री धानाच्या भुशाची चाळीस पोती रचायचा. लादी पोत्यांत घुसे आणि धप्पकन थांबे. माणूस भुशानं माखून उठे, एवढंच.

या खेळाचे कायदे मिस्त्रीचे. प्रत्येकाचं तोंड हुंगल्याशिवाय तो लादीवर बसू देत नसे. नाक असं की दारू कुठल्या भट्टीची तेही सांगे. दुसरा कायदा, आधी मुतून यायचं. "पोटात पाणी घेऊन आपटला का फुटशील," म्हणे. तिसरा कायदा हेल्मेटचा. हेल्मेट एकच, त्याच्या स्वतःच्या स्कूटरचं. वीस डोक्यांचं तेल आणि घाम त्यात मुरलेला. आपटून मेला नाही तो वासानं मरेल, असं आम्ही म्हणायचो. पण घालायचो.

पोती मात्र तो एकटाच भरायचा. गोदामाचं दार आतून लावून. मदतीला गेलो की म्हणे, "तू लादी पाह्य, हे मिस्त्रीचं काम हाय." आम्हाला वाटे, आत झोपत असेल.

आता ड्रायव्हर. देवरीकडचा, चाळिशीचा, बनियनवर ट्रक चालवणारा. एकदा त्यानं मोबाइलवर विदेशातला खेळ दाखवला. बर्फाची लांबच लांब नाली, तिच्यात माणसं छोट्याशा घसरगाडीवर पोटावर झोपून, डोकं पुढे करून, रेल्वेपेक्षा जोरात खाली जाऊन राहिलेली. आम्ही सगळे तोंड उघडून त्यांचा वेग पाहत होतो. मिस्त्रीनं तीनदा व्हिडिओ पाहिला आणि विचारलं, "थांबते कुठं?"

"ते नाही दाखवलं," ड्रायव्हर म्हणाला.

"जे पाहायचं तेच नाही दाखवत साले. मरते का कोणी याच्यात?"

"मरते ना. कधी कधी मरते."

"एवढा टोप, एवढे कपडे, डॉक्टर उभा, तरी मरते. आन् तू बनियनवर काय पाहून राहिला?"

"या वर्षी मी पोटावर जातो, मिस्त्री."

"पोटावर तुले मी घरी पाठवीन, चार जणांच्या खांद्यावर."

त्या वर्षी शेवटच्या दिवशी मिस्त्रीच्या मुलीचा साखरपुडा निघाला, तिरोड्याला. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो कारखान्यात आला. पोती उंदरांनी कुरतडली होती. मला म्हणाला, "नवीन बारदाना घे, चाळीस पोती भरून लावजो. तोंडं हुंगजो. मी चारपर्यंत येतो. मी येवाच्या आधी कोणाले सोडू नको."

एवढंच म्हणाला.

मी मिलचा हमाल. ढिलं पोतं म्हणजे आमच्यात शरमेची गोष्ट. ढिलं पोतं पाठीवर बसत नाही, थप्पीला राहत नाही, मुकादम सगळ्यांपुढे आईवरून बोलतो. माझी बायको डबा घेऊन आली होती, तिनं पोत्यांची तोंडं धरली आणि मी भुसा दांड्यानं ठासून ठासून भरला. दाभण घेऊन शिवलं, दोन्ही कोपऱ्यांना धरायला कान काढले. भिंतीसारखी थप्पी लागली. बोट घुसेना. बायको म्हणाली, "दिसाले तर लय मस्त दिसते." मलाही तसंच वाटलं. मिस्त्री येऊन पाहील तर काय म्हणेल, असा विचार करून मी खूश होतो.

तीन वाजता पोरं मागे लागली. मीही म्हटलं, काय होते. सगळ्यांत आधी ड्रायव्हर आला, पोटावर जायला. पोटावर जाणाऱ्याशी जोडी लावायला कोणी तयार नव्हतं, म्हणून एकटाच. मी त्याचं तोंड हुंगलं. कांदा आणि विडी, बस. हेल्मेट दिलं तर म्हणाला, "तूच घाल." लादीवर पालथा झोपला आणि हसत खाली गेला.

लादी पोत्यांना लागली आणि जागेवर थांबली. तो थांबला नाही. ढिल्या पोत्यात लादी घुसते, माझ्या पोत्यात घुसायला जागाच नव्हती. लोक पळाले, कोणी गाडी आणायला, कोणी नुसतंच. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्यात पोचायच्या आधी संपला.

मालकानं पोलिसांपुढे सांगितलं की माल चढवताना पाय घसरला. मिस्त्री तिरोड्याहून आला होता, कपाळावर कुंकू, खिशात सुपारी. तो उतारावरून खाली गेला, पोत्यांपाशी उभा राहिला, आणि परत येऊन पोलिसांना म्हणाला, "माल नव्हता चढत. खेळ होता. खेळ माझा, पोती माझ्या हुकुमानं भरली. माझं नाव लिहा." मी चार हातांवर उभा होतो. पायाखालचा पत्रा पाहत राहिलो. दुसऱ्या दिवशी मालकानं मिस्त्रीला काढलं.

देवरीकडे सगळ्यांनी ठरवून टाकलं की ड्रायव्हर दारू पिऊन मेला. माझी बायको ते ऐकून आली. तेव्हापासून तिचं एकच. "तुमी देवरीले जा आन् त्याच्या बायकोले सांगा. दारू पेला नव्हता म्हणा. उगाच कायले तिनं खाली मान घालून राहाचं?" दर पोळ्याला, दर दिवाळीला. शेवटी दवाखान्याच्या खाटेवरूनही तेच. मी हो म्हणायचो. मिस्त्रीनं कुडव्यात फ्रिज दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं, त्याच्यापुढून जाताना मी सायकलची चेन पाहत जायचो.

ती गेली तेव्हा ऊन असं की अंगणात कुत्रं उभं राहत नव्हतं. मुलगा पुण्याला कंपनीत, दुसऱ्या दिवशी पोचणार. थंड पेटी मागवली तर ती दुसऱ्या मयतीत. मला काही सुचेना. तेवढ्यात ऑटोत दोन लाद्या घेऊन मिस्त्री आला. कोणी सांगितलं कोणास ठाऊक. दारात पाय घासला, आत आला, आणि इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य बोलला, "वहिनीचे पाय उचल."

"हळू," मी म्हटलं.

"हळूच उचल, पण उचल. तूच मेल्यासारखा काऊन करते?"

खाली भुसा, त्यावर बारदाना, त्यावर लाद्या, वर चटई, चटईवर ती. मग तो वाकून फरशीवरून हात फिरवत बसला. "तुझ्या घराले उतार हाय. बांधून नाही ठेवलं तर वहिनी अंगणात जाऊन बसतीन." बाया त्याच्याकडे डोळे काढून पाहायला लागल्या. मला हसू आलं. हसता हसता रडायला लागलो. तोपर्यंत रडलो नव्हतो.

दुपारी आम्ही दोघं पडवीत बसलो. मी म्हटलं, "मिस्त्री, ते पोती म्या ठासून भरली होती."

"माहीत हाय."

"कसं माहीत?"

"त्याच दिवशी पाह्यलं ना. सशासारखे उभे कान. असे कान गोंदियात तूच काढते."

"मंग बोलला काऊन नाही?"

त्यानं बसल्या बसल्या तळवा फरशीवर दोनदा घासला. मग म्हणाला, "ढिली भर, असं मी तुले सांगतलं का? त्या दिवशी नाही, आन् कोण्या वर्षी नाही. दार लावून भरत होतो मी. सगळ्याले समजलं तर मिस्त्रीले कोण पुसते, अशी अकड. बोलाले तोंड कुठं होतं?"

मी बायकोचं म्हणणं सांगितलं. तो म्हणाला, "मंग जाऊ ना. एसटी कायले हाय?"

तेरवी झाल्यावर गेलो. ड्रायव्हरची बायको अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. केस पांढरे झालेले. मी म्हटलं, "बाई, आम्ही कारखान्यातले. तुझा माणूस गेला ते माझ्या चुकीनं. पोती मी ठासून भरली."

"त्याचं ऐकू नको वो," मिस्त्री मध्येच म्हणाला. "त्याले काय अक्कल? सांगणारा मी होतो, मी सांगतलं नाही. चूक माझी हाय."

"अक्कल काढू नको, मिस्त्री."

"असती तर काढली असती."

"तू नव्हताच तिथं. तुझी चूक कशी होईन?"

"नव्हतो हेच तर चूक हाय, बैला."

तिनं सूप खाली ठेवलं. "तुमी मले भेटाले आले का भांडाले?"

मग ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "पेला होता का तो?"

"नाही. मी तोंड हुंगलं होतं. कांदा आन् विडी."

"कांदा मीच देल्ला होता डब्यात," ती म्हणाली. मग विचारलं, "काही बोलला का?"

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. "डोळे उघडले आन् म्हणे, पहिला आलो का."

"दुसरा कोण होता?"

"कोणीच नाही. एकटाच होता."

ती हसायला लागली. पदर तोंडात कोंबून हसली, डोळ्यांतून पाणी गळत होतं तरी हसत होती. "असाच होता मेला. तुमी काय म्हटलं मंग?"

"हो म्हटलं. पहिला आला."

"बरं केलं." ती उठली, डोळे पुसले आणि कुंपणावरून दिराला हाक मारली, "भाऊजी, इकडं या. तुमी पेला होता म्हणत होते ना? या, ऐका." दिरापुढे आम्ही सगळं परत सांगितलं. मग शेजारच्या घरी नेलं, मग त्याच्या पलीकडच्या. प्रत्येक घरी मी म्हणायचो पोती माझी, मिस्त्री म्हणायचा चूक माझी, आणि ती म्हणायची, "ते राहू द्या, पेला होता का नव्हता ते सांगा." प्रत्येक घरी चहा. पाचव्या घरी मिस्त्रीनं कानात विचारलं, "मुताची जागा कुठं हाय, पूस ना तिले." तूच पूस म्हटलं. त्यानं पुसलं.

दिवाळी झाली आणि आठवड्यात मिस्त्री गेला. दुकानात स्टुलावर बसल्या बसल्या. पडलासुद्धा नाही. त्याच्या तेरवीला मी भात वाढत होतो तर देवरीची बाई दारात उभी, हातात तांदळाची पिशवी. एसटी बदलून आली होती. मिस्त्रीच्या मुलीनं तिला कधी पाहिलं नव्हतं. पिशवी हातात घेत तिनं विचारलं, "बाबा तुमचे कोण लागत होते वो?"

बाईनं जरा विचार केला. "कोणी नाही," म्हणाली. "एक डाव आमच्या घरी भांडाले आले होते." आणि आत जाऊन बायांमध्ये जेवायला बसली.