सायकल चालवायची थोडीच आहे!

इंदूरच्या मल्हारगंजातल्या अशोकराव बर्व्यांच्या सायकलच्या दुकानावर लॉकडाऊननंतर लोक नुसते तुटून पडले होते. "अशोकजी, कुठलीही द्या, पण आजच द्या," म्हणत ऑफिसात जाणारा यतीन तर थेट त्यांच्या घरी येऊन बसला होता. अशोकराव हुरळले आणि गोदाम भरून गिअरच्या सायकली मागवून बसले. लोकांचं भूत उतरलं, सायकली मात्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या, वटवाघळांसारख्या छताला लटकत राहिल्या.

आज तोच यतीन कारच्या टपावर आपली सायकल बांधून आला. साखळी गंजलेली, हँडलला कपडे वाळत घालायचे चिमटे तसेच.

"भिया, जरा चमकवून द्या. ताईच्या प्री-वेडिंग फोटोंत ठेवायची आहे."

"आणि ब्रेक? एकही लागत नाहीये."

"अरे, रहने दो ना! चालवायची थोडीच आहे!"

अशोकरावांना शिसारी आली. सायकल पुसून दिली, कार गेली, आणि त्यांना थुंकावंसं वाटलं. पण स्वच्छतेत पहिला नंबर काढणाऱ्या इंदुरात रस्त्यावर थुंकायची सोय राहिलेली नाही, म्हणून गिळलं. "आळशी लेकाचे! दोन पावलं जायला यांना गाडी लागते!"

तेवढ्यात बायकोचा, वसुधाताईंचा, घरून फोन आला, "येताना शेव आणा हो."

अशोकरावांनी शटर ओढलं आणि रोजच्यासारखी स्कूटर सुरू केली. घर पुढच्याच गल्लीत होतं. स्कूटरच्या आरशात त्यांना आपल्याच दुकानाची पाटी दिसली, आणि मघाशी गिळलेलं पुन्हा तोंडाशी आलं.